मुका डाक्टर

आमचे मामा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, सरकारी डॉक्टर होते आणि सगळ्या तालुक्यात त्यांना 'मुका डाक्टर' म्हणत. खरं तर मामांइतका बोलका माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ते ज्वारीच्या जातींवर बोलत, बैलांच्या खांद्यांवर बोलत, हैदराबादेत शिकताना ज्या वसतिगृहात राहिले तिथल्या ढेकणांवर तर जेवण होईस्तोवर बोलत. सकाळी तोंडात राखुंडी असली तरी त्यांचं चालूच असे आणि मामी म्हणत, "अवं, आधी चूळ तरी भरा." फक्त एका विषयाला त्यांच्या तोंडाला कुलूप होतं. तो विषय म्हणजे पेशंट.

कुणी सहज विचारावं, "डाक्टर, त्या बेंबळीच्या म्हातारीचं कसं हाय आता?" मामा आभाळाकडं बघत आणि म्हणत, "औंदा पाऊस बरा हाय." मग तो चैत्र असो की माघ. विचारणारा समजून जाई. नवखा असला तर पुन्हा विचारी, मग मामा पेरणीवर येत, खुरपणीवर येत, आणि तो माणूस शेवटी कंटाळून रामराम करून जाई. म्हातारी कशी आहे ते त्याला म्हातारी मेल्यावरच कळायचं.

मामींना मूलबाळ नव्हतं, म्हणून आईनं मला लहानपणापासून मामांकडं तालुक्याच्या गावी ठेवलं होतं. दवाखान्याला लागूनच घर होतं. मी जुन्या धोतरांच्या पट्ट्या फाडायची, त्या उकळून वाळत घालायची आणि मामींच्या तक्रारी ऐकायची. त्यांची सगळ्यात मोठी तक्रार अशी, की त्यांचा सख्खा भाऊ एकदा मामांकडं औषधाला येऊन गेला आणि ते त्यांना पाणी भरणाऱ्या बाईकडून कळलं. मामी फणकारल्या, "मी तुमची बायको हाय का कोण हाय?" मामा म्हणाले, "बायको हायेस म्हणून पावसाचं तरी बोललो. दुसऱ्या कुणाला तेवढंबी बोललो नसतो."

रस्त्यात मामा कुणाला ओळख दाखवत नसत. छत्री पुढं झुकवून, खाली बघत चालायचे. ज्या माणसाच्या पाठीतलं गळू काल फोडलं, तो आज समोरून आला तरी मामा भिंत समोरून आल्यासारखे निघून जात. लोकांना वाटे, डॉक्टरला शिक्षणाची मस्ती आहे. मी एकदा विचारलं तेव्हा मामांनी समजावलं, "मी थांबून चौकशी केली, की बघणारा म्हणतो, ह्याला काय झालंय? मग त्याच्या पोरीच्या लग्नापर्यंत ती गोष्ट जाती. त्यापरीस मला मगरूर म्हणू दे."

दुसऱ्याच्या घरचं ते पाणीही पीत नसत. खेड्यावर पेशंट बघायला निघाले की टट्टूच्या खोगिराला फिरकीचा तांब्या लटकवलेला असायचा. एकदा तामलवाडीकडचा एक शेतकरी पोतंभर कणसं घेऊन आला. त्याची बायको अडली होती, मामांनी तिला आणि पोराला दोघांनाही वाचवलं होतं. हुरडा घेतल्याशिवाय जात नाही म्हणून तो पायरीवर बसून राहिला आणि हुरडा परत नेल्याशिवाय बोलत नाही म्हणून मामा आत बसून राहिले. दुपार कलली. शेवटी तो शेतकरी म्हणाला, "बरं, तुम्ही नगा खाऊ. ह्या मुक्या जितराबाला तरी खाऊ द्या," आणि त्यानं पोतं टट्टूपुढं रिकामं केलं. टट्टूनं काही तत्त्व पाळलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस मामा त्याला 'लाचखाऊ' म्हणून हाक मारत आणि गंमत म्हणजे ते जनावर त्या हाकेला मान वर करी.

मी म्हटलं, "मामा, हुरड्यानं काय होतंय?" तर म्हणाले, "आज ह्याचा हुरडा खाल्ला. उद्या बांधावरनं हाणामारी झाली, हा अन् ह्याचा भाऊबंद दोघंबी डोकी फोडून आले, तर माझा हात आधी कुणाकडं जाईल? ज्याला जास्त लागलंय त्याच्याकडंच गेला पायजे. हुरडा पोटात असला, की हाताला खोड लागती."

मला हे सगळं तेव्हा विक्षिप्तपणाचं वाटायचं. आमच्या घरात गूळ कमी पडायचा आणि दारातून ढेपा परत जायच्या, तर दुसरं काय वाटणार?

तहसीलदारसाहेबांची गोष्ट मात्र मला तेव्हाही आवडली होती. एक पटवारी आजारीपणाची रजा काढून घरी बसला होता. तो खरंच आजारी आहे की सोंग करतोय, हे विचारायला तहसीलदार स्वतः दवाखान्यात आले. रुमी टोपी, काळी शेरवानी, मागं शिपाई. मामांनी खुर्ची दिली. तहसीलदारांनी विचारलं, मामांनी पावसाचं सांगितलं. तहसीलदार तापले. म्हणाले, "डाक्टरसाब, मैं नहीं पूछ रहा. सरकार पूछ रही है." मामा अगदी नरमाईनं म्हणाले, "हुजूर, उद्या सरकारच्या दुखण्याचं मला कुणी विचारलं, तर त्यालाही मी पावसाचंच सांगेन." तहसीलदार एकदम गप्प झाले. पाणी मागितलं, प्यायले आणि गेले. ते का गप्प झाले हे मला माहीत नाही, मामांनी सांगण्याचा प्रश्नच नव्हता. पण ते त्या खुर्चीवर शेवटपर्यंत नीट टेकून बसले नव्हते, एवढं मी परड्याच्या दारातून पाहिलं होतं.

तर अशा माणसाच्या घरात मी लग्नाची झाले.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. रॉकेल मिळत नव्हतं, क्विनीन मिळत नव्हती, पण सोयरिकी जमायच्या त्या जमत होत्याच. अणदूरला खंडोबाच्या जत्रेत मावशीच्या घरी मला दाखवली. मुलाकडचं गाव सीमेजवळचं, अर्धं कानडी बोलणारं. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण आज तिथं त्या माणसाची नातवंडं आहेत. त्याच्या वडिलांची धान्याची आडत होती. त्यांना सगळे अप्पा म्हणत. मुलगा उंच होता, जरा किरकोळ होता, आणि मला पानसुपारी देताना निम्मी सुपारी त्यानं खाली सांडली होती. मला तो आवडला. त्या काळी मुलीनं हे बोलायचं नसे, म्हणून आता बोलते. मावशीच्या घरून परतताना बैलगाडीत मी गाणं म्हणत होते आणि आई मला गप्प बसवत होती.

आई ही बातमी सांगायला बेंबळीहून मामांकडं आली. ती मामांची थोरली बहीण, मामा तिला अक्का म्हणत. मामा ओसरीवर बसून एका शेतकऱ्याच्या बैलाची शिंगं कशी वाकडी होती ते सांगत होते. आईनं हातावर साखर ठेवली आणि घराण्याचं नाव सांगितलं. मामांनी साखर तोंडात टाकली नाही. बैल अर्ध्यात राहिला.

"अक्का, मी लग्नाला येणार न्हाय," ते म्हणाले. "त्या घरात मी औषध दिलंय."

आईला ह्यात काहीच नवल वाटलं नाही. पेशंटच्या घरच्या लग्नकार्याला मामा कधीच जात नसत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती म्हणाली, "औषध तर तू साऱ्या तालुक्याला पाजलंस. मग पोर काय समुद्रापल्याड देऊ?"

"मामाबिगर पोर बोहल्यावर कशी चढंल?" मामा म्हणाले.

"चुलत मामा हाय की. तू बस तुझ्या बाटल्या धरून."

मामांनी साखर पुडीत बांधून ठेवली. माझ्या आईपुढं एरवीही त्यांचं फारसं चालत नसे.

त्यानंतर मामांचं बोलणं आटलं. आधी ढेकूण गेले, मग बैल गेले, मग ज्वारीही गेली. जेवताना ताटाकडं बघत बसायचे. मोगलाईत सुट्टी शुक्रवारी असायची. त्या दिवशी मामा एरवी परड्यात मिरच्यांची रोपं लावत बसत, पण आता शुक्रवार उजाडला, की टट्टूवर खोगीर पडे आणि ते सीमेकडच्या त्या गावाला निघत. संध्याकाळी धुळीनं माखून परत येत. तांब्या रिकामा असे, चेहरा वाळलेला असे. मामी विचारत, "मानपानाचं बोलायला जाता का?" मामा हातपाय धुवायला जात.

मला संशय यायला लागला, की हे लग्न मोडायला जातात. ह्यांना आपलं तत्त्व मोठं. भाचीचं घर पेशंटचं घर झालं, तर तिच्या हातचं पाणीही ह्यांना पिता येणार नाही, म्हणून ह्यांना ही सोयरीक नको आहे, असा मी हिशेब मांडला. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पट्ट्या फाडताना इतक्या जोरानं फाडायची, की मामी म्हणाल्या, "अगं, ते धोतर हाय, तुझी सवत न्हाय." मामा ऐकत होते, पण एका शब्दानं त्यांनी मला समजावलं नाही. समजावायला गेले असते तर काहीतरी सांगावं लागलं असतं.

मग एका शुक्रवारी मामा कुठं गेले नाहीत आणि दुपारी तो मुलगाच दवाखान्यात आला. एकटा आला. ठरलेल्या नवऱ्यानं लग्नाआधी असं येणं म्हणजे आमच्याकडं अघटितच. मामांनी त्याला दवाखान्यापुढच्या लिंबाखाली बाकावर बसवलं, मला बोलावून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायला सांगितलं आणि मामींना समोर उंबऱ्यावर बसवलं. मग स्वतः दवाखान्याच्या दारात आमच्याकडं पाठ करून स्टोव्ह पेटवून बसले. त्या जुन्या पितळी स्टोव्हचा आवाज एवढा मोठा होता, की शेजारच्या माणसालाही ओरडून बोलावं लागे. वर पाण्याचं भांडं ठेवून त्यात सुया टाकल्या आणि दामटून पंप मारायला लागले. मामी उंबऱ्यावरून ओरडल्या, "अवं, कालच उकळल्यात सगळ्या सुया. रॉकेल काय उगवतंय व्हय?" मामांनी आणखी पंप मारला.

त्या आवाजात तो मुलगा माझ्याशी बोलला. त्याला काय आजार होता ते त्यानं सांगितलं. तो आजार मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगते, की तो चोरूनच आमच्या दवाखान्यात येत होता, की तो आजार एकाकडून दुसऱ्याला जातो, आणि इतक्यात लग्न केलं तर बायकोला तो होईल असं मामांनी त्याला बजावलं होतं. बरा होण्याची आशा होती, पण फार वेळ लागणार होता आणि त्या काळात बरं होण्याची खात्री कुणीच देत नव्हतं. अप्पांना थांबायचं नव्हतं. पोराचं लग्न लांबलं, की गावात कुजबुज होणार म्हणून त्यांना घाई होती.

"तुम्हालाच अप्पांनी का बघितलं ठाव हाय का?" तो म्हणाला. "म्हणाले, डाक्टरच्या घरची पोर करू. वैद्यबी घरचा, गुपितबी घरचं. एकदा सोयरा झाला, की त्याचं तोंड जन्माचं बंद."

मी मामांच्या पाठीकडं बघितलं. ती पाठ स्टोव्हवर वाकली होती.

पहिल्या शुक्रवारी मामा अप्पांसमोर बसले तेव्हा हा मुलगा तिथंच होता. त्यानं सांगितलं ते असं. मामा म्हणाले, लग्न थांबवा किंवा मुलीला खरं सांगा. अप्पा हसले. आमच्या दवाखान्याला विहीर नव्हती. पखालवाला लांबून पाणी आणी आणि उन्हाळ्यात तेही बंद पडे. मामांनी सरकारकडं अर्जावर अर्ज केले होते आणि ही गोष्ट सगळ्या तालुक्याला माहीत होती. अप्पा म्हणाले, "दवाखान्याला विहीर बांधून देतो, दगडी, पायऱ्यांची." मामा म्हणाले, "बांधा. पण गावाला बांधा, सोयऱ्याला नगा." मग अप्पांनी खरा घाव घातला. "डाक्टर, तुम्ही सांगणार न्हाय हे मला पक्कं ठाव हाय. एकदा का डाक्टरनं एकाचं दुखणं दुसऱ्याला सांगितलं हे लोकांला कळलं, की तुमच्या दवाखान्यात कोण पाय टाकील? बायका येतील का? चोरून येणारे येतील का?"

"मग मामा काय म्हणाले?"

"म्हणाले, 'खरं हाय तुमचं.' अन् उठून मला माझ्या खोलीत घेऊन गेले."

तेव्हापासून मामा दर शुक्रवारी जात ते अप्पांकडं नव्हे, त्या मुलाकडं. त्याच्या खाटेजवळ बसत, नाडी बघत आणि एकच गोष्ट म्हणत, "आजार तुझा, म्हणून गुपितबी तुझं. मी मेलो तरी माझ्याकडनं फुटणार न्हाय. पण तीबी माझीच पेशंट हाय. हिवतापात तिला मीच क्विनीन पाजलीय. माझे दोन पेशंट एका मांडवात उभे राहणार, अन् मला दोघांच्याबी तोंडाकडं बघायचंय. तूच सांग, कसं बघू?" एवढं बोलून आपल्या तांब्यातलं पाणी पिऊन परत निघत. धमकी नाही, शाप नाही.

"मला राग यायचा," तो मुलगा म्हणाला. "वाटायचं, हा माणूस भाचीला सांगून मोकळा का होत न्हाय? मीबी मोकळा होईन. मागल्या शुक्रवारी मी मुद्दाम विचारलं, डाक्टर, खरं बोला, घरी सांगितलंच असंल तुम्ही. तर म्हणाले, 'औंदा पाऊस बरा हाय.'"

आम्ही दोघंही हसलो. वर लिंब कडक उन्हात उभा होता, पावसाचं नाव नव्हतं. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही. तो म्हणाला, "मी मोडतो, माझ्याकडनं. तुमच्यावर शब्द येऊ देणार न्हाय." दाखवण्याच्या दिवशी तो मला जितका आवडला होता, त्याच्या कितीतरी पट त्या बाकावर आवडला. आणि तिथंच तो माझ्या आयुष्यातून उठून गेला. जाताना मामांच्या पाया पडला. मामांनी स्टोव्ह विझवला आणि मला विचारलं, "सुया उकळल्या असतील न्हवं?" मी मान हलवली. काय बोलणं झालं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही.

मुलानं आपला शब्द पाळला, पण अप्पांच्या तोंडाला कोण हात लावणार? लग्न मोडलं म्हणजे खोट कुणात तरी असणार, आणि ती आपल्या पोरात आहे असं कुठला बाप म्हणेल? बघता बघता बाजारभर झालं, की डॉक्टरच्या भाचीतच काहीतरी आहे. डॉक्टरच्या घरात वाढली, कुठल्या कुठल्या रोग्यांच्या पट्ट्या धुतल्या, लागलं असेल काही. डॉक्टर लपवतोय. तो कसा आहे तुम्हाला माहीतच आहे, मेला तरी सांगणार नाही.

मामांचं न बोलणं आता असं माझ्या गळ्याशी आलं. ज्या मौनाचा तालुक्याला आधार होता, तेच माझ्याविरुद्धचा पुरावा झालं.

आई बेंबळीहून तरातरा आली ती चपला न काढता दवाखान्यात शिरली. पेशंट बसले होते, त्यांच्यादेखत म्हणाली, "सख्ख्या भाचीची अब्रू चव्हाट्यावर गेली, अन् तू बाटल्या भरत बसलास? सांग ह्या लोकांला, कुणात खोट हाय ते. तुला म्हाईत हाय."

मामांनी हातातली बाटली खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी जवळून पाहिला. माणूस आतून किती सोसतो हे मला त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, "अक्का, मला मार हवं तर."

आईनं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या ध्यानात आलं. "तुलाबी ठाव हाय."

"व्हय."

"मग तू सांग. तू काय डाक्टर न्हायस."

खरंच, मी डॉक्टर नव्हते. मला कुणी अडवलं नव्हतं. एक वाक्य बोलले असते तर बाकावर बसलेल्या त्या पाच-सहा माणसांनी ते संध्याकाळपर्यंत तालुकाभर पोचवलं असतं आणि मी धुतल्या तांदळासारखी झाले असते. पण भर उन्हात एकटा येऊन जो मुलगा माझ्यापुढं मोकळा झाला होता, त्याला मी बाजारात कशी उभं करणार? मी म्हटलं, "आई, ते त्याचं हाय. माझं न्हाय."

आई खाली बसली. तिनं मला शिव्या दिल्या, मामांना दिल्या, आमच्या दोघांच्या नशिबाला दिल्या. मामांनी बाटली पुन्हा उचलली, पण त्या रात्री जेवताना त्यांनी कितीतरी दिवसांनी ज्वारीचा विषय काढला आणि माझ्या ताटात आपल्या हातानं भाकरी वाढली. मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ मान दिला, पण त्या भाकरीएवढा कशाचाच अभिमान वाटला नाही.

वर्ष कोरडं गेलं. कुणी विचारायला येईना. आई आता आमच्याकडंच राहून उपासतापास करायला लागली होती. आणि मग एक दिवस धाराशिवकडचे एक शेतकरी आपल्या मुलाला घेऊन आले. जाडजूड, पांढऱ्या मिशांचे, डोक्याला फेटा. मुलगा शाळेत मास्तर होता. मामींनी घाईघाईनं घोंगडी अंथरली. मी आणि आई माजघराच्या दाराआड उभ्या राहिलो.

पाहुण्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "डाक्टर, लोक काय काय बोलतात ते आमच्याबी कानावर आलंय. मी सरळ इचारतो. पोरीला काय दुखणं हाय का?"

मला खरंच काही नव्हतं. 'नाही' एवढा एकच शब्द मामांनी उच्चारायचा होता. आईनं माझा हात घट्ट धरला.

मामांनी पाहुण्यांपुढं पानाचं तबक सरकवलं. मग म्हणाले, "ज्याला मी एकदा औषध दिलं, त्याचं चांगलं-वाईट कायबी मी दुसऱ्याला सांगत न्हाय. भाचीला मी औषध दिलंय. तुम्ही तिलाच विचारा."

आईनं कपाळावर हात मारला, तो आवाज बाहेरही ऐकू गेला असेल. मामी पाण्याचा तांब्या तसाच धरून उभ्या होत्या. पाहुणे मामांकडं बघत राहिले. मग त्यांनी मला बोलवायला सांगितलं. मी बाहेर गेले. मान खाली घालून उभं राहायची रीत होती, पण मी त्यांच्याकडं सरळ बघितलं आणि म्हटलं, "मला काहीच दुखणं न्हाय. मागं हिवताप आला होता, तेवढाच."

"झालं तर," ते म्हणाले आणि मुलाकडं वळले. "पोरगी पसंत हाय का? मला तरी हाय."

मामींना राहवलं नाही. म्हणाल्या, "पावणं, एवढ्यावर इस्वास ठेवला?"

पाहुण्यांनी मिशीवरून हात फिरवला. "वैनी, तुमाला खरं सांगू का? माझं एक दुखणं हाय. लई जुनं. माझ्या कारभारणीला ठाव न्हाय, ह्या पोराला ठाव न्हाय, गावात तर कुणाला वासबी न्हाय. ठाव हाय ते फकस्त ह्या तुमच्या मालकांला. म्या आज पारख करायला आलो होतो, पण पोरीची न्हाय. डाक्टर जर का आपल्या भाचीसाठी बोलले असते ना, पोरगी निरोगी हाय, चांगली हाय, असं एक अक्षर जरी काढलं असतं, तर म्या उठून गेलो असतो. म्हणलं असतं, आपल्या माणसासाठी बोलणारा माणूस, उद्या माझंबी बोलंल."

आई दाराआडून बाहेर येऊन उभी राहिली होती, डोक्यावरचा पदर सरकला होता तरी तिला भान नव्हतं. पाहुणे, म्हणजे माझे सासरे, मामांसमोर हात जोडून म्हणाले, "डाक्टर, इतकी सालं तुमच्या दवाखान्यात येतोय, पर आज चारचौघांत पाया पडतो."

मामा गडबडून मागं सरले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज दवाखान्यातल्यासारखाच होता.

"माफ करा पावणं," ते म्हणाले, "तुम्हाला मी ओळखलं न्हाय. आपली ही पहिलीच भेट."